त्रैमासिकाकडे लेख, फोटो आणि रेखाटनं पाठवण्याआधी: सातारा-सांगलीच्या स्थानिक अभ्यासकांसाठी

सातारा-सांगलीत गावोगाव अभ्यास करणारी माणसं आहेत. कुणी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) नोंदवतं, कुणी माळ्यावरचं मोडी दप्तर खाली काढून वाचतं, कुणी कृष्णाकाठच्या घाटांची, देवळांची रेखाटनं करतं. हे काम स्थानिक इतिहासाच्या किंवा लोकसंस्कृतीच्या त्रैमासिकाकडे पाठवलं की पुष्कळदा साभार परत येतं, आणि दरवेळी लिखाण कच्चं असतं असंही नाही. संपादक एकच गोष्ट शोधत असतो: तुम्ही जे पाहिलं ते उद्या दुसऱ्या कुणाला जाऊन पुन्हा पाहता येईल का? कागद कुठल्या रुमालातला (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला), शिळा देवळाच्या कुठल्या अंगाला, फोटो कधीचा, रेखाटनाचं माप किती. पुढची सगळी तयारी त्यासाठीच करायची आहे.

नियतकालिक निवडणं

ज्यांच्याकडे लेख पाठवायचा त्यांचे मागचे किमान चार अंक हातात घेऊन चाळा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं (स्थापना १९१०) त्रैमासिक किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं 'संशोधक' यांचा कल मूळ साधनांकडे आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या 'नवभारत'ची परंपरा वैचारिक लेखनाची आहे. हळद बाजाराच्या जुन्या हिशेबवह्यांवरचा लेख आणि प्रतिसरकारच्या (साताऱ्यातल्या ब्रिटिशविरोधी समांतर सरकारच्या) विचारसरणीवरचा लेख एकाच दारात नेऊन उपयोग नाही. अंक चाळताना तीन गोष्टी टिपून ठेवा: लेख साधारण किती पानांचे आहेत, टिपा पानाच्या तळाशी येतात की लेखाच्या शेवटी, आणि आतली चित्रं रंगीत आहेत की काळी-पांढरी. बहुतेक ठिकाणी रंग मुखपृष्ठावर किंवा मधल्या चार आर्ट प्लेटवरच असतो. पंचवीस रंगीत फोटोंचा लेख तिथे बसत नाही.

प्राध्यापक मंडळींनी एक लक्षात ठेवावं. यूजीसीने केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'आम्ही केअर यादीत आहोत' या जाहिरातीला आता अर्थ उरलेला नाही. आयएसएसएन क्रमांक म्हणजे नोंदणी, दर्जाची हमी नव्हे. तीन दिवसांत स्वीकृती आणि सोबत पैसे भरायचा क्यूआर कोड आला, तर तिथे लेख देऊ नका. आणि एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी. दोन संपादकांनी तो एकाच वेळी छापायला घेतला तर दोन्ही दारं बंद होतात.

गाव कुठल्या राज्यात होतं?

या दोन जिल्ह्यांच्या लेखांत सर्वात जास्त आढळणारी चूक हद्दीची आहे. सांगली जिल्हा नावाची गोष्ट १९६० च्या आधी नव्हती. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, त्यातल्या दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० साली सांगली झालं. म्हणजे १९४२ च्या वाळवा किंवा तासगावबद्दल लिहिताना 'सांगली जिल्ह्यातील' असं नुसतं लिहिलं की ते चुकलं. 'तत्कालीन सातारा जिल्हा, आज सांगली' असं लिहा.

संस्थानांचा गुंता याहून मोठा. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होती, किर्लोस्करवाडीही औंधच्याच हद्दीत वसली. मिरज आणि सांगली पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, फलटण नाईक-निंबाळकरांचं. आटपाडीचा १९३० सालचा कागद तुम्ही ब्रिटिश साताऱ्याच्या दप्तरात शोधत बसलात, तर सापडणार नाही आणि तुम्ही 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहून मोकळे व्हाल. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये वाळवा आणि तासगाव आहेत, हे सांगलीच्या अभ्यासकांच्या ध्यानात राहत नाही. तालुका आणि जिल्हा प्रत्येक गावापुढे एकदा तरी द्या, कारण खानापूर, वडगाव, निमसोड यांसारखी नावं वाचणाऱ्याला तेवढ्याने कळत नाहीत.

कागद आणि त्यावरची तारीख

मोडी कागद छापायला देताना तीन गोष्टी एकत्र द्यायच्या: कागदाचा फोटो, देवनागरी लिप्यंतर, आणि आजच्या मराठीत मतलब. फोटो दोन्ही बाजूंचा हवा, कारण शिक्के आणि शेरे बऱ्याचदा पाठीमागे असतात. लांब कागद अनेक बंद (कागदाचे तुकडे) चिकटवून केलेला असेल, तर सांध्यावरचे शिक्केही टिपा.

लिप्यंतरात मूळ ओळ संपते तिथे तिरकी रेघ मारा आणि पाच-पाच ओळींवर क्रमांक घाला. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा नसतो. तुम्ही कुठली पद्धत धरली ते सुरुवातीला एका वाक्यात सांगा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. 'रा॥', 'मो॥', 'सु॥' असे संक्षेप फोडायचे असतील तर फोडलेली अक्षरं चौकटी कंसात टाका. कसरीने खाल्लेल्या जागी अंदाजाने शब्द भरू नका. जितकी अक्षरं गेली असावीत तितके ठिपके द्या. मूळ लेखनिकाची 'चूक' सुधारणं हा तर मोठाच दोष. तो शब्द तसाच ठेवून टीप द्यायची.

तारखेचं एक उदाहरण नीट पाहू. कागदाच्या शेवटी 'छ १५ रबिलावल सु॥ सितैन मया व अलफ' असं आहे. 'छ' म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र, पंधरावा. सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) ११६०. सुहूर सन मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रबिलावल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला, म्हणून हा कागद नोव्हेंबर १७५९ च्या सुरुवातीचा. हेच ११६० हिजरी समजून कोष्टकात पाहिलं तर १७४७ निघतं. बारा वर्षांचा फरक पडला की शाहू महाराज (मृत्यू १७४९) हयात असतानाचा कागद ठरतो आणि सगळा निष्कर्ष कोसळतो. त्यामुळे मूळ तारीख जशी आहे तशी छापा, शेजारी बदललेली इसवी तारीख, आणि कुठली जंत्री (तारखा जुळवायची कोष्टकं) वापरली ते टिपेत.

फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवतात. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. शालिवाहन शकात ७८, मात्र पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेर ७९. १७५२ पूर्वीची इसवी तारीख जुन्या (ज्युलियन) पद्धतीची की नव्या (ग्रेगोरियन), हेही एकदा स्पष्ट करा.

संदर्भ देताना 'पुणे पुराभिलेखागार' एवढंच लिहू नका. संग्रह, रुमाल क्रमांक, पुडकं क्रमांक, कागद क्रमांक, तारीख, हा क्रम ठेवा. घरगुती दप्तर असेल तर 'खाजगी संग्रह, गाव, तालुका' आणि तुम्ही स्वतः घातलेला क्रमांक. क्रमांक कागदावर शाईने लिहायचा नाही. मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात, किंवा त्याहून बरं, लिफाफ्यावर.

मौखिक साधन

प्रतिसरकारच्या (१९४३-४६) आठवणी प्रत्यक्ष सांगणारी पिढी आता जवळपास संपली. पुढची पिढी जे सांगते ते ऐकलेलं असतं, आणि लेखात 'पाहिलेलं' व 'ऐकलेलं' वेगळं दिसलं पाहिजे. सांगणाऱ्याचं वय, गाव, मुलाखतीची तारीख आणि रेकॉर्डिंग कुणाकडे आहे ते द्या. बोली सुधारू नका. 'आमी हितंच व्हतो' याचं 'आम्ही इथेच होतो' केलं तर अर्धं साधन गेलं. पत्री मारल्याच्या (तळपायांवर मारण्याच्या शिक्षेच्या) हकिकती येतात तेव्हा ज्याला शिक्षा झाली त्याचं नाव, ते आधी छापील नोंदीत आलेलं नसेल, तर गाळावं असं आमचं ठाम मत आहे. त्याची नातवंडं त्याच आळीत राहतात.

मजकुराची फाइल

युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही पाठवा. पीडीएफमुळे संपादकाला मूळ अक्षरं कशी दिसायला हवीत ते कळतं. जुन्या श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला) मजकूर बदलून घेतला असेल तर 'साताऱ्याचा' हा शब्द फाइलमध्ये शोधा. तो 'सातार्याचा' झालेला दिसला, की दऱ्या, कोऱ्या, सगळीकडे तेच झालंय असं समजा. मग रफार, 'ॲ', 'द्ध' आणि आकडे डोळ्याखालून घाला. आकड्यांत झालेला बिघाड वाचताना खटकत नाही, आणि नेमका तोच छापला जातो.

लेख तीन ते पाच हजार शब्दांचा, मूळ कागद छापायचे असतील तर दीड-दोन हजारांतही भागतं. सारांश दीडशे शब्दांचा. शीर्षकात जागा आणि काळ येऊ द्या, 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट नको. आणि खटाव तालुक्यातल्या तीन वीरगळांवरच्या लेखाची पहिली चार पानं सातवाहनांपासूनच्या इतिहासात घालवू नका. संपादक ती कापतोच, पण त्याआधी त्याचा उत्साह गेलेला असतो.

फोटो

वीरगळ, सतीशिळा, शिलालेख यांचा फोटो भर दुपारी काढला तर कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी उन्हं कलती असताना किंवा दिवस मावळायच्या आधी, उजेड एका बाजूने दगडावर घासत येईल असा कोन साधा. पारावर झाडाच्या सावलीत शिळा असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च डाव्या वरच्या अंगाने जवळजवळ दगडाला समांतर धरा. एकेक बाजू बदलत चार फोटो काढा. जे अक्षर एका उजेडात दिसत नाही ते दुसऱ्यात उठतं. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारख्या ठिकाणी तर आत उजेड इतका कमी-जास्त होतो की एका फोटोवर वाचन बेतणं धोक्याचं.

अक्षरं उठावीत म्हणून पीठ, खडू, तेल, रांगोळी काही लावायचं नाही. शेंदूर खरवडायचा नाही. पुजाऱ्याला किंवा गावकऱ्यांना विचारल्याशिवाय हार बाजूला करायचा नाही. संरक्षित स्मारकावर कागदी ठसा घ्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी.

शिळेशेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची १० सेंटीमीटरची पट्टी ठेवा. पेन किंवा नाणं ठेवलं तर वाचणाऱ्याला माप कळत नाही. मोबाइलच्या जवळच्या लेन्सने कडा वाकतात, म्हणून दोन-तीन पावलं मागे सरून दुप्पट झूम करा आणि मोबाइल शिळेला समांतर धरा. फोटो 'स्वच्छ' करणारी एआय अॅप शिलालेखावर वापरूच नका. ती झिजलेल्या जागी नसलेल्या रेषा घालतात आणि त्यातून वेगळंच अक्षर तयार होतं.

आता आकार. डेमी अंकाच्या (साडेपाच बाय साडेआठ इंच) पानावर मजकुराची रुंदी साधारण सव्वाचार इंच असते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे पूर्ण रुंदीच्या फोटोला किमान १२७५ पिक्सेल. आजचा कुठलाही मोबाइल याच्या दुप्पट-तिप्पट देतो. अडचण होते ती पाठवताना. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकला की तो दाबला जातो आणि तारीख-ठिकाणाची माहितीही पुसली जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. वर्डमध्ये चिकटवलेले फोटोही असेच लहान होतात. म्हणून लेखात फक्त '[चित्र ३ इथे]' अशी खूण करा आणि फाइली वेगळ्या द्या. ७२ चा आकडा खोडून ३०० लिहिल्याने पिक्सेल वाढत नाहीत, फोटो तेवढाच राहतो.

उघड्यावर पडलेल्या मूर्तीचे अक्षांश-रेखांश संपादकाला कळवा, पण छापू नका. चोरीला वाट दाखवल्यासारखं होतं.

रेखाटनं, आराखडे, रंगचित्रं

देवळाचा आराखडा किंवा शिळेचं रेखाटन छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढा. लहान करताना हाताची थरथर झाकली जाते. पण रेषाही बारीक होते: अर्ध्यावर आणलं की अर्ध्या मिलिमीटरची पाव होते, आणि ०.१ च्या पेनाची ०.०५ होऊन छपाईत तुटक दिसते. म्हणून बाह्यरेषेला ०.५, आतल्या तपशिलाला ०.३, त्याखाली जाऊ नका. काळ्या पिगमेंट शाईचं पेन, बटर पेपर किंवा गुळगुळीत ड्रॉइंग शीट. निळं बॉलपेन स्कॅनमध्ये फिकट येतं.

सावलीसाठी रेघोट्या दाट मारल्या तर लहान केल्यावर शाई भरून काळा डाग होतो. दोन रेषांत एक मिलिमीटर तरी मोकळं ठेवा, किंवा ठिपक्यांनी सावली द्या. चित्रावर नावं लिहिताना अक्षराची उंची ५ मिलिमीटर ठेवा. देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या आधी मिटतात, मग 'गाभारा' वाचायला अंदाज लागतो. सर्वात चांगलं म्हणजे चित्रावर फक्त आकडे घाला आणि नावं छापील मजकुरात द्या.

'१:१०० प्रमाण' असं लिहून चालत नाही, कारण चित्र लहान झालं की ते प्रमाण खोटं ठरतं. ० ते ५ मीटरची पट्टी चित्रातच काढा, ती चित्राबरोबर लहान होते. उत्तरेची खूण विसरू नका. गुगलच्या नकाशाचा स्क्रीनशॉट छापता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरून (सातारा शहराचा परिसर ४७ जी आणि ४७ के, सांगली ४७ एल) स्वतः साधा नकाशा काढा आणि आधार कोणता ते लिहा.

शाईचं रेखाटन ६०० डीपीआयवर स्कॅन करून टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये रेषेभोवती धूळ पसरल्यासारखी दिसते. पेन्सिलीचं चित्र मात्र ग्रेस्केलमध्येच. त्याला निव्वळ काळं-पांढरं केलं की फिकट छटा उडून जातात.

माहुलीच्या संगमाचं किंवा हरिपूरच्या घाटाचं जलरंगातलं चित्र मुखपृष्ठासाठी द्यायचं असेल, तर ए-४ पर्यंत स्कॅनर. त्याहून मोठं असेल तर सकाळी पडवीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात, भिंतीला सपाट लावून फोटो काढा. ट्यूबलाइट बंद, फ्लॅश बंद. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, त्यावरून छापखान्यात रंग जुळवता येतो. चारही कडा दिसू द्या, कापायचं काम तिकडे होऊ दे. कासच्या फुलांचा निळा-जांभळा आणि पावसाळ्यातला झगझगीत हिरवा छपाईत मंदावतो. हळदीचा पिवळा बराच टिकतो. ही तुमची किंवा छापखान्याची चूक नसते, चार शाईंची मर्यादा आहे. म्हणून आरजीबी (पडद्यावरच्या रंगांची) फाइल द्या, चार शाईंत रूपांतर त्यांनाच करू द्या, आणि मुखपृष्ठाचं रंगीत प्रूफ मागा. चित्रासोबत शीर्षक, माध्यम, उंची बाय रुंदी सेंटीमीटरमध्ये, साल आणि मूळ चित्र कुणाकडे आहे, एवढं हवं. मूळ चित्र मागितल्याशिवाय पाठवू नका. मागितलंच तर दोन जाड पुठ्ठ्यांत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, स्पीड पोस्टने.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता: आडनाव, विषय, क्रमांक. चित्रसूचीची वेगळी फाइल करा. एक नोंद अशी असते: 'चित्र ४. वीरगळ, भैरवनाथ मंदिराच्या उत्तरेकडील ओटा, मौजे अमुक, ता. खटाव, जि. सातारा. उंची ९२ सेंमी. छायाचित्र: लेखक, जानेवारी २०२५.'

परवानगी

घरगुती दप्तराच्या मालकाची सही असलेलं पत्र घ्या: कुठले कागद, फोटो छापायचा का, नाव द्यायचं का. वतन, इनाम, वाटणी यांचे कागद असतील तर भाऊबंदांत दावा चालू आहे का ते आधीच विचारा. छापून आल्यावर दुसऱ्या घराने हरकत घेतली की संपादक पुढच्या वेळी तुमच्या लेखाकडे हातच लावत नाही. वस्तुसंग्रहालयात फोटो काढायची परवानगी आणि तो छापायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी लेखी मिळवा.

१९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचाही हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर तितकाच. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. तुमचं स्वतःचं चित्र किंवा लेख देताना एका वेळच्या प्रसिद्धीची परवानगी देताय की सगळे हक्क, हे पत्रात एका ओळीत लिहा.

पाठवणं आणि पुढे

पत्र दहा ओळींचं: विषय, नवं काय सापडलं, शब्दसंख्या, चित्रांची संख्या, दुसरीकडे दिलेला नाही, परवानग्या आहेत. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती कुणालाही उघडेल अशी करा, आणि काही दिवसांत मुदत संपणारी लिंक देऊ नका. परीक्षणाला लेख निनावी जात असेल तर नाव वेगळ्या पानावर ठेवा, फाइलच्या माहितीतूनही काढा, आणि 'माझ्या आधीच्या लेखात' असली वाक्यं बदला.

दोन आठवड्यांत पोच आली नाही तर एक ओळीचा मेल करा. निर्णयाला तीन ते सहा महिने सहज जातात. दुरुस्त्या मागितल्या तर प्रत्येक शेऱ्यापुढे तुम्ही काय केलं ते लिहून पाठवा, आणि जिथे पटत नाही तिथे कारण द्या.

प्रूफ आलं की आधी मजकूर वाचू नका. आधी तारखा, रुमाल क्रमांक आणि चित्रांखालच्या ओळी ताडा, शिळेचा फोटो उलटा किंवा आरशातल्यासारखा तर छापला नाही ना ते पाहा, मग मजकूर. दुरुस्त्या पान, ओळ, आहे ते, हवं ते, अशा चार रकान्यांत कळवा. या टप्प्यावर नवा परिच्छेद घालता येत नाही, पानं सरकतात. दरम्यान नवा कागद हाती आला असेल तर एक पानाची पुरवणी टीप करून पुढच्या अंकासाठी स्वतंत्र पाठवा.